तळं कोरडं आहे तोवर: गाळ काढण्याचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

पाझर तलाव आटला की गाळ काढायला जेमतेम तीन महिने मिळतात. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस शिंदखेडा, नंदुरबार आणि चाळीसगाव तालुके दुष्काळी जाहीर झाले. अशा वर्षी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा ठराव मार्चच्या आत ग्रामसभेत झालाच पाहिजे. मे महिन्यात धावपळ करणाऱ्या गावाच्या हाती फारसं काही लागत नाही. तोवर वळीव येतो, तळ्यात चिखल होतो आणि मशीन उतरतच नाही.

ही मागणी एकट्याची नाही, गावाची असते. ठरावात तलावाचं नाव, गट नंबर आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी हवी. ग्रामपंचायत तो जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांकडे देते. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची. मशीन आणि इंधनाचा खर्च शासन देतं. काम स्वयंसेवी संस्थेमार्फत होतं.

गाळ फुकट, पण वाहतूक शेतकऱ्याची. इथेच लोकांची गल्लत होते. ट्रॅक्टरचं भाडं आधी आपल्या खिशातून जातं, अनुदान नंतर खात्यात येतं. ते मिळतं दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना, तसंच विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना. दर घनमीटरला 35 रुपये 75 पैसे. एकरी जास्तीत जास्त 15 हजार आणि अडीच एकरांपर्यंत 37,500. मोठ्या शेतकऱ्यालाही गाळ नेता येतो, पण स्वखर्चाने.

हिशेब करून बघा. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. ब्रासभर मावणाऱ्या शंभर ट्रॉल्या नेल्या तर साधारण 10,100 रुपये अनुदान होतं. आणि तळ्यात पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाण्याला जागा होते, म्हणजे दहा हजारी टँकरच्या 28 खेपा. बरड जमिनीवर तो काळा, भुसभुशीत गाळ पसरला की पुढच्या कापसाला ओल धरून राहते, हे वेगळंच.

कागद: सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक. विधवा भगिनींनी पतीच्या मृत्यूचा दाखला आणि अपंगांनी प्रमाणपत्र सोबत ठेवावं. सातबारा अजून सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद हिवाळ्यातच लावून घ्या. कष्ट करूनही अनुदान हुकतं ते बहुधा इथेच, आणि त्यात बायकांची नावं जास्त असतात. याचं फार वाईट वाटतं.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर सामाईक भिजणाऱ्या शेतांवर, हंगामाआधी सगळे बागायतदार मिळून पाट साफ करायचे. गैरहजर राहिलेला माणूस लोकांच्या लक्षात राहायचा. तसंच इथेही दोन जाणती माणसं रोज तळ्यावर बसवा. कोणाच्या किती ट्रॉल्या गेल्या ते वहीत लिहा, ट्रॅक्टरवाल्याची सही घ्या आणि गाळाची नोंद ठेवणाऱ्या अवनी या मोबाइल अॅपवरच्या नोंदीशी त्याच दिवशी ताडून बघा. वाळू लागली तर खोदाई तिथेच थांबवा. या योजनेत वाळू उचलायला परवानगी नाही.