गाण्याचे नाव सांगणारा फोन: थोडी पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक ते कन्ना चौक या पट्ट्यात, चहाच्या टपरीवर तेलुगू गाणे लागलेले असते आणि तेथे उभ्या असलेल्या अनेकांना त्यातला एक शब्दही कळत नसतो. चाल मात्र मनात बसलेली असते. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि उर्दू रोज कानांवर पडणाऱ्या या शहरात बोल टाइप करून गाणे शोधण्याचा मार्ग पुष्कळदा खुंटतो, म्हणून फोन स्पीकरच्या दिशेने धरून शाझाम या गाणे ओळखणाऱ्या ॲपला किंवा गूगलला ते ऐकवणे ही येथे मोठी सोय झाली आहे. टपरीवरचे गाणे काही सेकंदांत ओळखणारे हेच ॲप गणपतीच्या मिरवणुकीत मात्र बहुधा हात टेकते. असे का होते, हे या तंत्राचा इतिहास पाहिल्यावर नीट उलगडते.

ध्वनिमुद्रित गाण्याचे नाव हरवण्याची भीती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकड्या छापण्याचे काम जर्मनीतील हॅनोव्हर येथे होत असे. तेथील कारागिरांना ना आपली भाषा येत होती ना गायिका माहीत होती. लेबल लावताना घोटाळा होऊ नये म्हणून गायिकेने गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारावे, अशी पद्धत पडली. आज जुनी तबकडी ऐकताना ती पुकार गमतीची वाटते, पण ती निव्वळ कारखान्याची गरज होती.

पुढे हे काम रेडिओच्या निवेदकाकडे आले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा साप्ताहिक गीतमालेचा कार्यक्रम सुरू झाला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगून मग गाणे लावायचे, ही शिस्त श्रोत्यांच्या अंगवळणी पडली. गाण्यांच्या बाबतीत ज्यांना आपण जाणकार म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांची शाळा हीच.

कॅसेटच्या काळात गाणी भरून देणारी दुकाने निघाली. गिऱ्हाईक साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी देई, आणि एखाद्या गाण्याचा मुखडाच आठवत नसेल तर काउंटरपाशी उभे राहून चाल गुणगुणून दाखवी. दुकानदार क्षणभर ऐकून घेई, यादीत एक ओळ वाढवी आणि भरलेल्या कॅसेटच्या आतल्या कार्डावर बॉलपेनने सगळी नावे क्रमाने लिहून देई. ही साखळी तुटली ती एमपीथ्री आणि मेमरी कार्ड आल्यावर. कार्ड भरून देणारा शेकडो गाण्यांचे फोल्डर एकदम कॉपी करून देई आणि फाइलीचे नाव असे ते ‘ट्रॅक ०३’, नाहीतर ज्या संकेतस्थळावरून ती उतरवली त्याचे. गाणे खिशात पण त्याचा पत्ता नाही, ही अवस्था सार्वत्रिक झाली ती तेव्हा, आणि आपल्याकडे अशा ॲपची खरी गरज त्यातूनच निर्माण झाली, असे माझे मत आहे.

ब्रिटनमध्ये मात्र ही सेवा स्मार्टफोनच्याही आधी अवतरली होती. क्रिस बार्टन, फिलिप इंगलब्रेख्ट, धीरज मुखर्जी आणि एव्हरी वँग या चौघांनी १९९९ मध्ये शाझामची उभारणी सुरू केली आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती तेथील ग्राहकांसाठी खुली झाली. २५८० हा क्रमांक फिरवायचा, म्हणजे कीपॅडच्या मधल्या उभ्या ओळीतली बटणे वरून खाली दाबायची, फोन गाण्याच्या दिशेने धरायचा आणि कॉल आपोआप कटला की एसएमएसची वाट पाहायची, असा तो साधा व्यवहार होता. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले, तेव्हा पहिल्या ॲपमध्ये शाझामही होते. २०१८ मध्ये ॲपलने ती कंपनीच विकत घेतली.

अडचण होती ती आवाजाच्या दर्जाची. साध्या कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, शिवाय तो माणसाच्या बोलण्यासाठी दाबून बसवलेला असतो. त्यात भोवतालचा कलकलाट मिसळला की मूळ गाण्याचा फार थोडा भाग शाबूत राहतो. वँग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरचा उपाय सांगितला आहे. आवाजाचा कंप्रता (म्हणजे स्वर किती उंच किंवा खालचा) आणि वेळ असा आलेख काढायचा, त्यातले फक्त आजूबाजूपेक्षा जोरकस असलेले बिंदू ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. मग या बिंदूंच्या जोड्या लावायच्या: पहिल्याची कंप्रता, दुसऱ्याची कंप्रता आणि दोघांमधले वेळेचे अंतर मिळून एक संकेतांक तयार होतो. असे संकेतांक एखाद्या साठवलेल्या मुद्रणाशी त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने मोठ्या संख्येने जुळले की ओळख पटते. जेकार्ड मागावरच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांकडे पाहून सोलापुरी चादरीवर कोणती नक्षी उतरणार हे जाणकार विणकर सांगू शकतो, तशातलाच हा प्रकार आहे. काही छिद्रे दिसली नाहीत तरी चालते, पण छिद्रांमधले अंतर बदलून चालत नाही.

या पद्धतीने ओळखले जाते ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. एकाच कलाकाराने एकच गाणे अनेकदा गायले असेल, तर कानाला फरक कळला नाही तरी त्यातले नेमके कोणते मुद्रण वाजते आहे हे आपली पद्धत निवडू शकते, असे वँग यांनी त्याच निबंधात नमूद केले आहे. ऑर्केस्ट्रात गायक ‘लाइव्ह’ गात असताना शाझामने मूळ गाणे बिनचूक ओळखले, तर कौतुक ॲपचे करावे आणि शंका गायकाची घ्यावी.

चालीवरून गाणे शोधण्याची वाट निराळी आहे आणि ती संगणकाहूनही जुनी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सुरावटी स्वरांच्या अक्षरांनुसार लावून त्यांचा कोश केला. १९७५ मध्ये डेनिस पार्सन्स यांनी ते आणखी सोपे केले: पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच टिपायचे. १९९५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी गुणगुणण्यावरून गाणे शोधणारी संगणकीय पद्धत मांडली, ती याच वर-खालीच्या तत्त्वावर. पुढे साउंडहाउंड या गाणे शोधणाऱ्या ॲपचे पूर्वरूप असलेले मिडोमी २००७ मध्ये आले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलने १० ते १५ सेकंद गुणगुणून गाणे शोधण्याची सोय दिली. त्यात यंत्राला असंख्य नमुन्यांवरून शिकवलेले असते की वाद्ये, आवाजाची जात आणि बोल बाजूला सारून केवळ चालीचा आकार पाहायचा. कॅसेटच्या दुकानदाराचे कसब फोनमध्ये आले असे म्हणायचे, तर ते येथे.

आता मिरवणुकीकडे वळू. डीजे गाण्याची गती वाढवतो, त्यात हलगीचा ठेका घालतो, मध्येच संवादाचा तुकडा पेरतो. गती बदलली की बिंदूंमधली अंतरे बदलतात आणि मूळ मुद्रणाशी जुळणी होत नाही. लेझीमच्या ताफ्यापुढे प्रत्यक्ष वाजणाऱ्या हलगीचे तर जुळवायला मुद्रणच नसते. यंत्रमागाच्या कारखान्यात अडचण वेगळी: तेथे गाणे तेच असते, पण मागांचा खडखडाट इतका असतो की त्यावर उठून दिसणारे बिंदूच कमी उरतात. फोन स्पीकरजवळ नेला की अशा ठिकाणी पुष्कळदा काम होते, मिरवणुकीत होत नाही.

राहिला प्रश्न संग्रहाचा. ॲप शोधते ते आपल्या साठ्यात, आणि तेथे गाणी पोहोचतात ती मुख्यतः संगीत कंपन्या आणि डिजिटल वितरक यांच्याकडून. हैदराबाद किंवा बंगळुरूच्या बाजारातले नवे चित्रपटगीत त्यामुळे सोलापुरात चटकन ओळखले जाते, आणि गावातल्याच भजनी मंडळाने कॅसेटवर भरलेले भजन, ते कोणी वितरकामार्फत नोंदवलेले नसेल तर, शेजारच्या गल्लीत वाजत असूनही ॲपला सापडत नाही.