पानं कुरतडलेली दिसली? मग झाड कामाला लागलं!

कंपन्यांच्या वृक्षारोपणाचे फोटो हल्ली सारखे दिसतात, एकाच रंगाचे टीशर्ट, नवीकोरी फावडी, मागे बॅनर. खड्ड्यात देशी झाड जात असेल तर माझी काही तक्रार नाही, डोकं फिरतं ते भाषणाच्या वेळी. कोणीतरी हमखास ऑक्सिजनवर येतं आणि मग पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो वगैरे सुरू. अहो, ऑक्सिजन सुटायला पानात पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळ काय नि बाभूळ काय, सगळे आपल्यासारखा ऑक्सिजन घेतातच. शिवाय हवेत तो आधीच २१ टक्के आहे, बागेतल्या शे-दोनशे रोपांनी त्यात काय फरक पडणार?

मग देशीच का? सावली तर बाहेरून आणलेलं झाडही देतं. खरं कारण ऐकायला उलटं वाटेल, देशी झाडाला किडे खातात म्हणून. नर्सरीत कौतुकाने सांगतात ना, "ह्याला कीडच लागत नाही", ते पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्यासाठी किती वाईट आहे बघा. दाणे, फळं खाणारे बरेच पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवतात. अमेरिकेतला चिकाडी नावाचा पक्षी, वजन जेमतेम १० ग्रॅम, एका वेळची पिल्लं उडेपर्यंत ६ ते ९ हजार अळ्या आणतो.

आता अळीने कुठलंही पान खावं की, हिरवं ते हिरवं! तसं होत नाही, कारण प्रत्येक झाड पानात आपापलं विष भरून ठेवतं. इथे माझं लाडकं उदाहरण येतं, मोनार्क फुलपाखरू आणि त्याच्या अळ्या जिची पानं खाऊन वाढतात ती मिल्कवीड. मिल्कवीड झाड नाही, आपल्या रुईच्या नात्यातली छोटी वनस्पती आहे, पण गोष्ट तीच. तिच्या चिकात जे विष असतं त्याच जातीचं विष रुईत आणि कण्हेरीतही असतं. प्राण्यांच्या पेशींच्या पातळ आवरणात एक पंप असतो, तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो, नसा आणि हृदय ह्याच्यावरच चालतात. विष ह्या पंपाच्या एका खाचेत जाऊन बसतं आणि पंप बंद. हा पंप म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या मण्यांची लांब माळ, आणि मोनार्कच्या माळेत १२२ नंबरच्या जागी ॲस्परजिनऐवजी हिस्टिडिन आहे, त्यामुळे विष खाचेत नीट बसतच नाही. कुलूप बदललं, जुनी चावी लागेना. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जीन एडिटिंग करून, म्हणजे जनुकात नेमका बदल करून, हा आणि मोनार्कमधलेच आणखी २ बदल फळमाशीत घातले, १११, ११९ आणि १२२ अशा ३ जागी, आणि माशी ते विष पचवायला लागली. पण नुसती १२२ ची जागा बदलली तर माशीला हादरा बसला की ती लुळी पडते, ११९ चा बदल सोबत असला की हा त्रास कमी होतो, म्हणजे बदल कुठल्या क्रमाने आले ह्यालाही महत्त्व आहे. अमिनो ॲसिडच्या नंबरांत हरवला असाल तर सोडून द्या, एवढंच लक्षात ठेवा की असं जमायला हजारो-लाखो वर्षं लागतात.

त्यामुळे समुद्रापलीकडून आणलेल्या झाडाचं विष इथल्या फार थोड्या किड्यांना पचतं. निलगिरीला ऑस्ट्रेलियात ढिगाने किडे खातात, बाहेर तीच बरीचशी अख्खी राहते. अपवाद आहेत, परदेशी झाड इथल्या झाडांच्या कुळातलं असेल तर काही अळ्या चालवून घेतात. पण वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये २०१८ चा अभ्यास आहे, देशी झाडोरा ७० टक्क्यांच्या खाली गेला की तिथल्या चिकाडींची संख्या टिकत नाही असं निघालं.

म्हणून लावणाऱ्यांना सांगणं असं. रोप पिशवीत होतं त्यापेक्षा खोल पुरू नका, आणि पहिले २-३ उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. नंतर पानांना भोकं दिसली की बागेच्या ऑफिसला फोन करून फवारणी मागवू नका, तरारलेलं झाड तेवढं सोसतं. आणि खालचा पालापाचोळा झाडून जाळायचा नाही, कारण पतंगांच्या पुष्कळ अळ्या पोट भरलं की झाडावरून खाली उतरतात आणि कोष त्या पाल्यात नाहीतर मातीत करतात, खोडाला टेकून सिमेंटचा कट्टा बांधलात तर त्यांना जागाच उरत नाही.