लाईट गेली की छतावरचं सोलर का बंद पडतं?

भर दुपारी लाईट गेली. बाहेर ऊन रणरणतंय, छतावर तीन किलोवॅटचे पॅनल आणि घरातला पंखा मात्र बंद! 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून "मग सोलर बसवलं कशाला?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. पॅनल बिघडलेत असं त्यांना वाटतं. खरं तर इन्व्हर्टरने आपलं काम चोख केलेलं असतं.

पॅनलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज निघते. पॅनलला जोडलेला इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे घरात वापरतो तशी हेलकावणारी वीज करतो, पण मनाने नाही. ग्रिडची, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याची लाट सेकंदाला 50 वेळा हेलकावते, म्हणजे एक हेलकावा 20 मिलिसेकंदांचा. ती लाट या क्षणी कुठे आहे हे इन्व्हर्टरमधली 'फेज लॉक्ड लूप' नावाची यंत्रणा सतत तपासते आणि त्याच ठेक्यात आपली लाट सोडते. दिंडीतला टाळकरी पखवाज ऐकून टाळ वाजवतो, तसंच.

आता पखवाज थांबला, म्हणजे ग्रिडची वीज गेली, तरी इन्व्हर्टर चालूच राहिला तर? त्याची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाईल. ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टची वीज घरगुती दाबावर आणतो; खालून वीज दिली तर उलटं कामही तितक्याच सहज करतो. लाईन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टरने 2 सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटायचं, हा नियम.

पण लाईट गेल्याचं त्याला कळतं कसं? बहुतेक वेळा व्होल्टेज कोसळतं, काम सोपं. पेच पडतो तो गल्लीतल्या सोलरची निर्मिती आणि गल्लीचा खप नेमके जुळले तर. सगळं सुरळीत दिसतं! त्यावरची युक्ती मला फार आवडते. इन्व्हर्टर मुद्दामच ठेका किंचित पुढे ढकलत राहतो. ग्रिड जागेवर असेल तर कोयना-चंद्रपूरच्या अजस्र फिरत्या जनित्रांपुढे त्या धक्क्याने काही हलत नाही. ग्रिड नसेल तर लय त्याच्यामागे सरकते, मग तो आणखी ढकलतो, ती आणखी सरकते आणि मर्यादा ओलांडताच तो बंद होतो.

त्यामुळे साध्या ऑनग्रिड सोलरवर "लाईट कधीच जाणार नाही" असं कोणी विकत असेल तर ते खोटं आहे. त्यासाठी बॅटरी हवी आणि घर ग्रिडपासून तोडून मग स्वतः ठेका धरणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा.

मर्यादा ओलांडताच सुटण्याची हीच शिस्त जर्मनीत अंगाशी येऊ पाहत होती. वीज खपापेक्षा जास्त झाली की ग्रिडची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारे हेलकावे (हर्ट्झ), वाढते. तिथले जुने इन्व्हर्टर 50.2 हर्ट्झला सुटायचे. छतं मोजकी होती तोवर ठीक. पुढे कित्येक हजार मेगावॅट एकाच क्षणी सुटून अख्ख्या युरोपचं ग्रिड ढासळण्याची वेळ आली असती. म्हणून 2012 पासून कायद्याने सुमारे 3 लाख संयंत्रं सुधारून घेतली. त्यातली एक रीत अशी, की 50.2 च्या पुढे एकदम सुटायचं नाही, हर्ट्झमागे 40 टक्के या दराने वीज कमी करत जायची.

तरीही हे सगळे टाळकरीच. कोळशाची जनित्रं बंद होत जातील तसा पखवाज कोणीतरी हाती घ्यावाच लागेल. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या 150 मेगावॅट बॅटरीने 2022 मध्ये हे काम हाती घेतलं. तिचे इन्व्हर्टर फिरत्या चाकाच्या जडत्वाची नक्कल करून ग्रिडला आधार देतात.