विद्युत मोटारीच्या बॅटरीचे तापमान-नियमन : उभी गाडी आणि चार्जिंग

विद्युत मोटार उभी असताना किंवा चार्ज होत असताना तिच्या लिथियम-आयन बॅटरीचे तापमान तिच्यातील घटांना (सेलना) मानवेल अशा मर्यादेत राखण्याच्या व्यवस्थेला बॅटरीचे तापमान-नियमन म्हणतात. ही मर्यादा साधारणतः १५° ते ३५° से. मानली जाते. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळतो. उभ्या गाडीला तो मिळत नाही, आणि बॅटरीत सर्वाधिक उष्णता निर्माण करणारे जलद चार्जिंग मात्र गाडी उभी असतानाच होते.

येथे चार्जिंगमधील थोड्या वेळाची उष्णता आणि दीर्घकाळची उष्णता असे दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. चार्जिंगच्या अर्ध्या तासात बॅटरी ४५° से.पर्यंत तापणे हे बहुतेक घट सहन करतात. किंबहुना तापलेल्या घटाचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो विद्युत प्रवाह अधिक सहजपणे स्वीकारतो. खरी झीज होते ती महिनोन्‌महिने उष्ण हवेत, तीही पूर्ण भरलेल्या स्थितीत, उभ्या राहणाऱ्या बॅटरीची. घटातील ग्रॅफाइटच्या अग्रावर (इलेक्ट्रोडवर) विद्युत विच्छेद्याच्या (इलेक्ट्रोलाइटच्या) विघटनातून एक पातळ थर तयार झालेला असतो. तापमान वाढले की हा थर लवकर जाड होतो, त्यात लिथियम कायमचे अडकते आणि बॅटरीची धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, घटते.

दुपारच्या उन्हाची धास्ती मात्र अनेकदा अवाजवी असते. गाडीच्या तळाशी बसवलेल्या ४०० किग्रॅ. वजनाच्या बॅटरीचे तापमान १०° से.ने वाढण्यास सुमारे १.१ किलोवॅट-तास इतकी उष्णता लागते, आणि ती बाहेरच्या हवेतून व जमिनीतून आत झिरपण्यास कित्येक तास जातात. त्यामुळे बंद काचांआड बसण्याची जागा होरपळत असली तरी बॅटरी दिवसाच्या सरासरी तापमानाच्या आसपासच राहते. उभ्या गाडीची आतली हवा थंड ठेवण्याची जी सोय काही मोटारींत असते, तिचा बॅटरीशी थेट संबंध नसतो.

दीर्घकाळच्या उष्णतेचा परिणाम निसान लीफ या गाडीने जगासमोर आणला. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत लीफ आणि शेव्हरोले व्होल्ट या गाड्या जवळजवळ एकाच वेळी ग्राहकांच्या हाती पडल्या. व्होल्टच्या घटांमधून कुलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, खेळवलेले होते. लीफची बॅटरी बंद पेटीत होती आणि तिला थंड करणारी कोणतीही सक्रिय यंत्रणा नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील लीफमालकांनी धारकता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी केल्या. कंपनीने पुढे धारकतेची हमी दिली आणि उष्णता अधिक सोसणारे घट आणले. दोन्ही गाड्यांच्या रचनेतील हा फरक आजही या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

चार्जिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बॅटरीचा एकूण रोध ०.१ ओहम धरल्यास घरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवरील सुमारे २० अँपिअर प्रवाहाने केवळ ४० वॅट उष्णता निर्माण होते; १२५ अँपिअरला ती दीड किलोवॅटच्या वर जाते आणि २५० अँपिअरला सहा किलोवॅट ओलांडते. कुलंट ही उष्णता रेडिएटरकडे नेते. परंतु रेडिएटर कुलंटला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भातील मे महिन्यात हवाच ४५° से. असते तेव्हा त्याचा उपयोग उरत नाही, आणि गाडीच्या एसीतील शीतक वायूने कुलंट गार करणारा चिलर कामाला लागतो. उभ्या गाडीचा काँप्रेसर आणि पंखा चार्जिंगच्या वेळी मोठ्याने घरघरतो तो यामुळेच. तो बिघाड नव्हे. जानेवारी २०२० मध्ये भारतात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीलाही द्रवशीतन आहे.

थंडीत प्रश्न उलटा होतो. शून्याखालील तापमानाला जोराने चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते, धारकता जाते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका संभवतो. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रथम प्रवाह रोखून बॅटरी तापवते. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये यासाठी वेगळा हीटर नसून चाके फिरवणाऱ्या मोटरच्या, ती स्थिर असताना, वेटोळ्यांतून प्रवाह सोडून मिळणारी उष्णता वापरली जाते. २०१९ पासून या कंपनीच्या गाड्या चार्जिंग केंद्राकडे जात असतानाच बॅटरी तापवू लागल्या.

ही यंत्रणा उभ्या गाडीत चालते तेव्हा तिला वीज लागते. ती भिंतीवरून मिळाली तर बॅटरी रिकामी होत नाही. म्हणूनच कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी असताना काही उत्पादक गाडी प्लगला जोडून ठेवण्याचा सल्ला देतात. चार्जरच्या मीटरवर नोंदलेली युनिटे बॅटरीत पोहोचलेल्या युनिटांपेक्षा अधिक दिसतात, त्यातील काही भाग याच कामी खर्च झालेला असतो.