हवाईयन गिटारचा इंट्रो: दोन सुरांमधली जागा आणि मिलिमीटरचा हिशेब

भुसावळ असो की शहादा, लग्नाच्या मांडवात ऑर्केस्ट्रावाल्याने पहिले दोन सूर छेडले की गायकाने तोंड उघडायच्या आत लोकांनी गाणे ओळखलेले असते. खरे तर दोन सूरही लागत नाहीत. १९९९ साली कॅनडातील संशोधकांनी श्रोत्यांना लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढे तुकडे ऐकवले. गाण्यांची यादी समोर होती आणि तुकडा कोणत्या गाण्याचा ते सांगायचे होते. नुसत्या अंदाजाने जमले असते त्यापेक्षा उत्तरे बरीच जास्त बरोबर आली. एवढ्या वेळात ना चाल ऐकू येते, ना ताल. मात्र तोच तुकडा उलटा वाजवला किंवा त्यातली वरची कंपने गाळली की ओळख ढासळत होती. म्हणजे कान पकडतो तो नादाचा पोत आणि सूर उमटण्याची पद्धत. ‘चुरा लिया है तुमने’ (१९७३) काचेच्या किणकिणाटाने सुरू होते आणि मग गिटार येते. तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारी वरची कंपने, मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत असतात, काचेचे तसे नसतात. इतके वेगळे दोन पोत शेजारी ठेवल्यावर गाणे चुकणार कसे?

हवाईयन म्हणजेच स्टील गिटारच्या इंट्रोत पोताखेरीज आणखी एक गोष्ट असते: एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, आपल्या भाषेत मींड. साध्या गिटारवर बोट तार पट्टीवर दाबते आणि सूर पायरीपायरीने चढतो. इथे तारेवर पोलादी बार ठेवलेला असतो, तो थांबेल तिथे सूर. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूने हे तंत्र १८८९च्या सुमारास घडवले असे मानतात. १९३२मध्ये बाजारात आलेले रिकनबॅकरचे ‘फ्राइंग पॅन’ हे विक्रीत जम बसवणारे पहिले इलेक्ट्रिक गिटार, आणि तेही मांडीवर ठेवून वाजवायचे स्टील गिटारच होते. १९४०च्या दशकात हवाईचा ताऊ मो कोलकात्यात राहिला आणि तिथे या वाद्याचे वेड पसरले. १९६७मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते रागसंगीतासाठी वाजवले. (लूनी ट्यून्स कार्टूनच्या आरंभी जो ‘बोंइंग’ ऐकू येतो तोही स्टील गिटारचाच, फ्रेडी तवारेस यांनी वाजवलेला.)

घरातल्या साध्या स्टीलतारांच्या गिटारवरही हे करून पाहता येते. फक्त तारा पट्ट्यांपासून सुमारे ९ मिलिमीटर उचलाव्या लागतात. त्यासाठी डोक्याकडच्या नटवर, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात त्या आडव्या तुकड्यावर, धातूची टोपी बसवतात, ती वाद्यांच्या दुकानात मिळते. तारा न उचलता बार ठेवला तर तो पट्ट्यांवर खडखडतो, आणि ती खडखड कितीही सराव केला तरी जात नाही.

मग सूर लावायचे. नेहमीच्या जुळणीतून पहिली तार ई वरून डीवर दोन अर्धस्वर (एक अर्धस्वर म्हणजे एका पट्टीचे अंतर) खाली आणायची. दुसरी बी आहे, ती दोन अर्धस्वर उतरवून ए करायची. तिसरी जी एक अर्धस्वर उतरवायची. चौथी आणि पाचवी तशाच ठेवायच्या, सहावी ई वरून डी करायची. जाड तारेपासून पाहिले तर सा प सा ग प सा तयार होतात, सा म्हणजे डी. यात एकही तार वर खेचलेली नाही, त्यामुळे ब्रिज (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो तुकडा) उखडायची भीती नाही. उलट ताण कमी होतो. दोन अर्धस्वर उतरवलेल्या तारेचा ताण सुमारे २१ टक्के घटतो, आणि ढिली तार बारच्या वजनाने खचून सूर चढा लावते. म्हणून १२ ऐवजी १३ नंबरचा संच घालावा. तरीही पहिल्या तारेचा ताण मूळच्या १२ नंबरपेक्षा थोडा कमीच राहतो.

आता बार. साधारण दोनशे ग्रॅमचा, गुळगुळीत, टोक गोलसर असलेला घ्यावा. हलका बार घेऊन तो दाबण्यापेक्षा जड बार नुसता टेकवलेला बरा. साध्या गिटारवर बोट पट्टीच्या अलीकडे ठेवतात. इथे बार पट्टीच्या बरोबर वर यायला हवा, आणि नवशिक्याची सवय नेमकी इथे आडवी येते.

किती नेमके? ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिली पट्टी नटपासून ३६.५ मिलिमीटरवर असते, बारावी ३२५वर. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. नटजवळ बार एक मिलिमीटर चुकला तर सूर पावणेतीन सेंट हलतो, बाराव्या पट्टीवर तेवढीच चूक ५.३ सेंटची होते. तयार कानाला पाच-सहा सेंटांचा फरक जाणवतो. त्यात डोळ्यांचा धोका वेगळाच. तार पट्टीपासून ९ मिलिमीटर वर असताना २० अंश तिरके पाहिले तर बार तीन मिलिमीटरहून जास्त सरकलेला असतो आणि बाराव्या पट्टीवर सूर सतरा-अठरा सेंट बेसूर लागतो. मान थोडी पुढे काढून, डोळा बारच्या थेट वर आणून वाजवणे हाच इलाज.

जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ती गोष्ट बारच्या मागची तार. बार पाचव्या पट्टीवर असेल तर पुढे ४८७ मिलिमीटर तार वाजते, पण मागच्या १६३ मिलिमीटरलाही आवाज असतो, मोकळ्या तारेहून दोन सप्तके वर. बार वर सरकवला की पुढचा सूर चढतो आणि मागचा उतरतो. मींड घेताना येणारी ती विचित्र किंकाळी इथून येते. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच टेकवून, बारसोबत ओढत न्यायच्या. बोटे उचलली गेली की उत्तम इंट्रोचीही माती होते.

मींडीचा वेळही मोजून हवा. पाचव्या पट्टीच्या सुरावर खालच्या अर्धस्वरावरून यायचे तर बारला सुमारे २९ मिलिमीटर जायचे असते. ठोक्यावर बार पोहोचला पाहिजे. ठोक्यावर निघाला तर सगळे वाक्य उशिरा पडते. कंप द्यायचा तो पोहोचल्यावर. साध्या गिटारवर तार ओढून दिलेला कंप सूर फक्त वर नेतो, स्टीलवर तो सुराच्या दोन्ही बाजूंना समान झुलतो, सेकंदाला पाचेक वेळा. पोहोचायच्या आत कंप सुरू करणारा वादक बहुधा चुकलेली जागा झाकत असतो.

उजव्या हाताचेही भान ठेवावे. ब्रिजपासून १२० मिलिमीटरवर छेडले तर मोकळ्या तारेच्या १८ टक्क्यांवर आघात होतो, आवाज तेजदार येतो. बार बाराव्या पट्टीवर गेला की तीच जागा वाजणाऱ्या लांबीच्या ३७ टक्क्यांवर येते, मध्याच्या जवळ, आणि वरचे उपस्वर क्षीण होतात. म्हणून बार चढेल तसा हात ब्रिजकडे न्यावा.

तिसरी तार, म्हणजे ग, ट्यूनरने लावली तर सा-ग एकत्र छेडल्यावर कानाला डोलणारी घरघर ऐकू येते. चौथ्या तारेवरच्या सा या स्वराचा पाचवा उपस्वर ७३४ हर्ट्झवर आहे, ग या स्वराचा चौथा ७४०वर, आणि फरक सेकंदाला सुमारे सहा ठोके एवढा. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार १४ सेंट खाली असतो, तिथे लावला की घरघर थांबते. एकट्याने वाजवताना तो तिथेच ठेवावा. सोबत कीबोर्ड असेल तर मात्र त्याचा ग वरचाच राहणार, म्हणून सात सेंट उतरवून मधला मार्ग काढलेला बरा.

खान्देशात या सगळ्याला उन्हाची जोड मिळते. आखाजीच्या सुमारास कूलरच्या खोलीत लावलेले गिटार मांडवातल्या हॅलोजनखाली नेले तर तारा मिनिटांत तापतात, लाकूड मागाहून. नुसती पोलादाची प्रसरणशीलता धरली तर १० अंशांच्या फरकाने पहिली तार सुमारे १७ सेंट उतरते आणि दुसरी तिसाच्या आसपास, कारण दुसरीवरचा ताण तिच्या जाडीच्या मानाने कमी असतो. सगळ्या तारा सारख्या उतरल्या असत्या तर बार सरकवून निभावले असते. इथे पहिल्या-दुसऱ्यातले अंतरच बदलते, म्हणून कार्यक्रमाआधी वीसेक मिनिटे गिटार त्याच दिव्यांखाली ठेवून मग सूर लावावे. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवूच नये, ब्रिजचा गोंद सुटतो.

स्टील गिटार नसेल तर हे इंट्रो कीबोर्डवर वाजतात. तिथे पिच बेंड चाक मुळात बहुधा दोन अर्धस्वरांचे असते. मोठी मींड हवी तर ती मर्यादा सेटिंगमध्ये वाढवावी, आणि एकच कळ दाबून धरून चाक फिरवावे. दुसरी कळ दाबली की नवा आघात उमटतो आणि मींड तिथेच तुटते. बँजोची अडचण याहून मोठी आहे, कारण त्याची बटणे ठरलेल्या सुरांचीच. बँजोवर घ्यायचे तर सुटे, टोचून छेडलेले गिटारचे तुकडे निवडावेत. ते छान जमतात.