कोटिंग नसलेलं कार्बाइड अजून का टिकून आहे

टंगस्टन कार्बाइडची पावडर कोबाल्टमध्ये बांधायचं तंत्र १९२० च्या दशकात जर्मनीत निघालं, मुळात बल्बची तार ओढायच्या डायसाठी, आणि तिथनं ते लेथवर धातू कापायच्या टूलला आलं. कोल्हापुरात उद्यमनगरात ऑइल इंजिनचं बीडाचं (कास्ट आयर्नचं) काम चालायचं तेव्हा विडियाची (म्हणजे याच कार्बाइडची) दांड्यावर ब्रेझ केलेली, म्हणजे पितळी झाळ देऊन बसवलेली टिप, ग्राइंडरच्या हिरव्या व्हीलवर लावलेली धार हेच टूल होतं, कोटिंगचा, म्हणजे वर दुसऱ्या पदार्थाचा थर द्यायचा, विषयच नव्हता.

१९६९ च्या सुमारास टायटॅनियम कार्बाइडचा थर दिलेले इन्सर्ट, म्हणजे टूलच्या दांड्यावर बसवायचे बदलते कार्बाइडचे तुकडे, बाजारात आले, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. सीएनसी मशीन आल्यावर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बीडाच्या कास्टिंगला तेच लागायला लागले आणि ते बरोबरच होतं, बीड टूल घासून काढतं, गरमी पण होते, थर दोन्ही झेलतो.

खरा घोळ झाला ग्रेडच्या, म्हणजे कुठलं कार्बाइड कुठल्या धातूला ते सांगणाऱ्या अक्षरांचा. जुन्या आयएसओ वर्गवारीत के गटात बीड, ॲल्युमिनियम, पितळ सगळं एकत्र होतं. टूलला कोटिंग नव्हतं तोवर चालून गेलं, एकच के१० टिप बीडावर पण आणि ॲल्युमिनियमवर पण. पण बीडासाठीचा कोटेड के ग्रेड ॲल्युमिनियमवर लावला की बिघडलं, कारण सीव्हीडी कोटिंग (गरम वायूतनं थर बसवायची पद्धत) हजार डिग्रीच्या आसपास होतं, थर जाड बसतो, त्यासाठी धार आधीच जरा गोल करून घेतात, आणि ॲल्युमिनियमला तर धार पात्यासारखी लागते. वर टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडसारखा थर असला तर त्यातच ॲल्युमिनियम, मग जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा धातू त्याला धरतो. धारेवर चकचकीत गोळा चिकटतो, तो सुटताना धारेचा कण घेऊन जातो आणि जॉबवर ओरखडे उठतात, ऑपरेटर बिचारा फीड (टूल पुढं सरकायचा वेग) कमी करत बसतो, त्यानं उलट जास्त चिकटतं.

आयएसओच्या त्या वर्गवारीच्या २००४ च्या आवृत्तीत ॲल्युमिनियम-पितळेसाठी एन गट वेगळा केला, माझ्या मते हे लई उशिरा झालं. त्याच पद्धतीत कोटिंग नसलेल्या कार्बाइडला एचडब्ल्यू, कोटेडला एचसी लिहितात, पण पॅकेटवर कंपनीचाच ग्रेड नंबर मोठा असतो आणि खरेदीवाला तोच बघतो.

आता ॲल्युमिनियमला डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं) कोटिंग पण मिळतं, पातळ आणि गुळगुळीत, काम चांगलं देतं पण महाग. त्यामुळं छोट्या लॉटला पॉलिश केलेला साधा इन्सर्टच परवडतो, आणि ब्रेझ टूलला पुन्हा धार लावायची म्हटलं तर कोटिंग तसंही घासूनच जातं.