हळद लाल का होते?

हळदीचा हंगाम आला की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. ताटलीत हळद, तिच्यावर साबणाचं पाणी, हळद लालभडक आणि खाली इशारा: 'लाल झाली म्हणजे भेसळ!' सांगलीसारख्या हळदीच्या पेठेतली माणसंही तो पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे. अस्सल हळद साबणाने, सोड्याने, चुन्याच्या निवळीने लाल व्हायलाच हवी.

हे काम इलेक्ट्रॉनचं. अणूमध्ये इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येतं, हे शाळेत शिकलेलो असतो. वरच्या पातळीवर जायचं तर मधल्या अंतराइतकीच ऊर्जा प्रकाशातून घ्यावी लागते. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं छोटं माप) लागतात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणात असतात फार तर तीन-सव्वातीन. म्हणून हायड्रोजन वायूला रंग नाही. पाणी, साखर, मीठ यांचीही गत तीच.

मग हळद पिवळी कशी? तिच्यातल्या कुर्क्युमिनच्या रेणूत दोन टोकांना कार्बनची दोन कडी असतात आणि मधे सात कार्बनची साखळी. या सगळ्यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा रचनेत दुहेरी बंधाचे काही इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे राहत नाहीत. ते रेणूभर पसरतात.

इलेक्ट्रॉन हा कणासारखा वागतो तसा लाटेसारखाही. मिरजेच्या तंबोऱ्याची तार दोन्हीकडे बांधलेली असते, त्यामुळे तिच्यावर ठरावीक लाटाच उभ्या राहतात आणि तार लांब असेल तर स्वर खाली उतरतो. इलेक्ट्रॉनच्या लाटेचंही तेच. जागा दुप्पट लांब झाली की प्रत्येक पातळीची ऊर्जा एक चतुर्थांश होते. पण लांब साखळीत इलेक्ट्रॉनही जास्त असतात आणि पाउलीच्या नियमाप्रमाणे एका पातळीवर दोघांनाच जागा, त्यामुळे ते खालून वर एकेक पातळी भरत जातात. हिशेब केला तर शेवटची भरलेली आणि पहिली रिकामी पातळी यांतलं अंतर ढोबळमानाने लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतं. अंतर कमी म्हणजे ऊर्जा कमी, आणि कमी ऊर्जेच्या प्रकाशाची लाट लांब. एकच दुहेरी बंध असलेला इथिलीन वायू सुमारे १७० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) लांबीच्या लाटेचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो. असे ११ बंध ओळीने असलेलं गाजरातलं कॅरोटीन शोषतं सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा. कुर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश गिळतं. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो.

आता साबण. कुर्क्युमिनच्या दोन्ही कड्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी असते. साबण, सोडा, निवळी यांतली अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) त्यातला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात काढून घेते, पण त्याचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडेच राहतो. ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन रेणूभरच्या पसाऱ्यात आणखी जोमाने सामील होतात. पातळ्या जवळ येतात, शोषण निळ्या-हिरव्याकडे सरकतं आणि हळद लाल दिसते. लगेच लिंबू पिळा, प्रोटॉन परत मिळतो, पिवळा रंगही परत येतो.

हळदीच्या पाण्यात गुपचूप निवळी टाकून 'करणी बाहेर निघाली' म्हणणाऱ्या भोंदूचं सगळं भांडवल हा एक प्रोटॉन आहे. साताऱ्याच्या, मिरजेत डॉक्टरकी शिकलेल्या नरेंद्र दाभोलकरांनी अशा फसवणुकीविरुद्ध आयुष्य वेचलं; जादूटोणाविरोधी कायदा आला तो त्यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये. चमत्कार म्हणून असं काही दाखवणाऱ्याला 'लिंबू पिळून बघू का?' असं बेधडक विचारावं.

भेसळीची शंकाच असेल तर साबण उपयोगाचा नाही. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग हळदीत आहे का, हे प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाने तपासतात. तीव्र आम्लात शुद्ध हळदही लालसर होते, पण पाणी घातल्यावर तो रंग जातो. मेटॅनिल यलोचा गुलाबी रंग टिकतो. आम्ल जहाल असतं, ते घरी आणू नये.

कपड्यावरचा डाग मात्र घरीच जातो. साबणाने धुऊन कापड कडक उन्हात वाळवायचं. प्रकाश शोषून कुर्क्युमिनचा रेणूच हळूहळू तुटतो, ती लांब साखळी उरत नाही आणि तुकडे दिसणारा प्रकाश शोषत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळदीचा रंग टिकायचा, त्यातही अंधाराचा मोठा वाटा होता.